परत न आलेल्यांचे पेले

६ सप्टेंबर

प्रिय छोटे,

सलाम. तुझं पत्र नाही, निरोप नाही, म्हणजे सगळं ठीक असणार असं धरून चालले आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत. चर्च झाडून होतं, बाकं पुसून होतात, फक्त वेदीच्या पायऱ्या चढताना प्रभूचं नाव जरा मोठ्याने घ्यावं लागतं. पाळकसाहेबांना वाटतं माझी भक्ती वाढली.

पत्र लिहायला कारण आहे. फोन करणार नाही. फोन पाळकसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत, आणि तिथे बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत साऱ्या मंडळीच्या तोंडी होतो.

तू इथून गेल्यावर आमच्याकडे एक रीत सुरू झाली, ती नीट सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं हे तुला आठवत असेल, चर्चची पायरी चढणं तू सोडलं असलंस तरी. जमलेल्या माणसांसाठी मी काचेचे छोटे पेले भरते, प्रत्येकात द्राक्षरसाचा एक घोट. त्याशिवाय आणखी नऊ पेले भरायचे आणि वेगळ्या तबकात टेबलाच्या कडेला ठेवायचे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकटाच आभार मानायला परतला आणि बाकीचे नऊ तसेच निघून गेले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकून ऐकून पाठ केली होती. पाळकसाहेबांचं म्हणणं असं की त्या नवांची जागा आपण राखून ठेवावी. कुणी उशिरा आलंच तर पेला नाही असं व्हायला नको. कुणी येत नाही. ते पेले कुणी पीत नाही. उपासना संपली की मी ते आवारातल्या झाडाच्या मुळाशी ओतते, कारण तो रस मोरीत ओतायचा नाही.

आता तुला म्हणून सांगते. माझा बाबू घर सोडून गेला तेव्हापासून त्या नवातला भिंतीकडचा पेला मी मनात त्याचा धरते. हे पाळकसाहेबांनाही बोललेले नाही.

काल तबक उचललं तर आठ पेले भरलेले आणि भिंतीकडचा रिकामा. सांडला नव्हता, कलंडला नव्हता. तळाशी लाल थेंबसुद्धा नाही. मी तो प्रकाशात धरून पाहिला, मग वास घेतला, मग तिथेच पायरीवर बसले. ऑर्गनवालीने विचारलं, चक्कर आली का? मी हो म्हणाले.

छोटे, माझा मुलगा इथे येऊन गेला. चार वर्षं झाली, चिठ्ठी नाही की चपाटी नाही. पण तो जिवंत आहे आणि जवळ आहे. तुझ्याकडे कधी आला, कुठे भेटला, तर एवढंच सांग त्याला: आईला तुझ्याकडून काही नको. एकदा ये, सगळ्यांसमोर उभा राहा, देवाच्या उपकाराचे दोन शब्द बोल, मग खुशाल जा कुठे जायचं ते. एवढं ऐकलं की मी मरायला मोकळी.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

ताई,

सलाम तुझ्या मंडळीला. तुला नुसतं, कशी आहेस?

इथे हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी दाबायचं मोठं यंत्र बंद पडलंय आणि आम्ही सगळ्या हाताने इस्त्री करतोय. खांदे गेले. रात्री घरी आले की जेवणापेक्षा भिंत बरी वाटते टेकायला. म्हणून उशीर झाला, रागावू नकोस.

पेल्याचं म्हणशील तर उंदीर नसेल, मान्य. उंदराला इतकं नीट पिता येत नाही. पण तुमच्याकडे पोरं आहेत ना? उपासना लांबली की पोटात कावळे ओरडतात हे मला चांगलं आठवतं, आणि मोठी माणसं डोळे मिटून बसलेली. मी तरी प्यायले असते. एका पेल्यावरून तू पोराला जिवंतही केलंस, जवळही आणलंस, आता त्याला बोलायलाही लावते आहेस. जरा दम घे.

बाबूचं मला काय विचारतेस. मोठा माणूस आहे. कुठेतरी खिडक्यांना काचा बसवत असेल. कामाला चांगला होता एवढं ऐकलं होतं मी.

आणखी एक, सहज. इथल्या एका नर्सबाईशी बोलताना विषय निघाला. बाबूला लहानपणी तो मेंदूचा ताप आला होता, तेव्हा कसल्याशा इंजेक्शनने त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि श्वास अडकला होता ना? कुठलं ते? उगाच आपलं विचारते. पण आठवलं तर लगेच कळव.

छोटी


१९ सप्टेंबर

छोटे,

पेनिसिलिन. विसरेन कशी. पण तुझ्या नर्सबाईला माझ्या पोराच्या गांधींशी काय करायचंय ते कळलं नाही. खांद्यांना शेक दे.

ताई


४ ऑक्टोबर

प्रिय छोटे,

काल पुन्हा पहिला रविवार होता. तू म्हणालीस पोरं असतील, म्हणून मी पोरांना त्यांच्या आयांसोबत मागच्या बाकांवर बसवायला लावलं. आणि मी आयुष्यात केलं नाही ते केलं. प्रभुभोजनाआधी उपकारस्तुतीची लांब प्रार्थना होते, तेवढाच एक वेळ साऱ्या मंडळीचे डोळे मिटलेले असतात. काल मी माझे उघडे ठेवले.

छोटे, डोळे मिटलेली माणसं मी कधी पाहिलीच नव्हती. इतकी वर्षं याच माणसांत काढली. ऑर्गनवालीचं तोंड उघडं होतं. पाळकसाहेबांचा चेहरा नुसता कातडीचा. सगळे वारलेले आणि मी एकटी मागे राहिलेली असं वाटलं. टेबलाजवळ कुणी नव्हतं. भिंतीकडच्या पेल्यात रस होता, मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

मग घोट गिळल्याचा आवाज आला. फार तहानलेला माणूस पहिला घोट घेतो तसा. एकदाच. माझ्या अगदी कानाशी. मी दचकून मागे वळले, मागे भिंत. पुन्हा पुढे पाहिलं तोवर पेला रिकामा झाला होता. आमेन झालं आणि सगळे डोळे उघडून हसऱ्या तोंडाने एकमेकांकडे बघू लागले. मला भीती वाटली नाही असं म्हणाले तर खोटं होईल. 

पण रात्री पडल्या पडल्या विचार केला. भ्यायचं कशाला? आपलंच लेकरू. वाट चुकलेला माणूस आधी खिडकीतून डोकावतो, मग दार ठोठावतो. तेव्हा मी ठरवलंय. सात नोव्हेंबरला आमचा वर्षाचा उपकारस्तुतीचा रविवार. त्या दिवशी एकेकाने उभं राहून वर्षभराचा उपकार बोलायचा असतो. माझी पाळी आली की मी सांगणार: आपलं पोर परत यायला निघालं आहे, आजपासून सगळ्यांनी पुन्हा त्याच्यासाठी प्रार्थनेला बसा.

तुला ते दिवस आठवतात ना? पोर नऊ वर्षांचं, शुद्ध नाही, डॉक्टरांनी हात टेकलेले. सारी मंडळी पाळीपाळीने गुडघ्यावर. खाटेभोवतीची जागा एक क्षण रिकामी राहिली नाही. मी देवाला म्हणाले, हा मला राहू दे, मग हा तुझाच. आणि त्याने डोळे उघडले. त्यानंतर दर वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी आम्ही त्याला पहिल्या बाकावर उभं करायचो आणि तो सगळ्यांचे उपकार मानायचा, एकेकाचं नाव घेऊन. म्हाताऱ्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, तुझ्यासाठी आमच्या गुडघ्यांना घट्टे पडले रे बाळा. सगळी गल्ली त्याला 'प्रार्थनेचं पोर' म्हणायची. असं भाग्य कुणाला मिळतं?

त्याची खोली झाडून ठेवली आहे.

ताई


९ ऑक्टोबर

ताई,

त्या रविवारी उभी राहू नकोस. मी हात जोडते. कारण विचारू नकोस, फक्त ऐक.

तू लिहिलेलं भाग्य मी त्याच्या तोंडून ऐकलं आहे, तो शाळेत असताना सुट्टीत माझ्याकडे यायचा तेव्हा. चेंडूने कुणाची तरी काच फुटली तर बाकीच्या पोरांना दोन रट्टे बसायचे. याला कुणी हात लावत नव्हतं. याला ऑर्गनवाली म्हणायची, यासाठी का रे आम्ही तुला मागून घेतलं? परीक्षेत नापास झाला तर तेच. मोठ्याने हसला तरी तेच. रट्टे परवडले, मावशी, असं म्हणायचा. बारा वर्षांचा होता. तुम्ही त्याला देवाकडून मागून आणलंत आणि मग मागून आणलेली वस्तू नीट वापरली जाते आहे की नाही ते बघत बसलात.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तू वाईट नाहीस, ऑर्गनवालीही नाही. त्या घट्ट्यांचं मोल मला कळतं. पण तुम्ही सगळे दिवसरात्र त्याच्यासाठी रडलात आणि तो वाचल्यावर त्याला कधी एकट्याला श्वास घेऊ दिला नाहीत.

एक सांग. ती लांब प्रार्थना सकाळी असते ना, नाश्त्याच्या वेळेच्या आसपास? तुला आवाज आला तो तेव्हाच ना?

छोटी


१५ ऑक्टोबर

छोटे,

तुझं पत्र वाचून आधी धास्ती वाटली आणि मग राग आला. राग आधी लिहिते.

तुला मूल नाही म्हणून तुला हे कळणार नाही, असं वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. पण तू खोडलेलंही वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून पुन्हा सरळ लिहिते. तुला मूल नाही. खाटेवर पोर निळं पडत असताना दारात अमुक माणूस आला आणि काही न बोलता गुडघ्यावर बसला, हे ज्या आईने पाहिलंय ती त्या माणसाचं नाव आयुष्यभर घेणारच, आणि आपल्या पोरालाही घ्यायला लावणार. उपकाराची जाण ठेवणं हे ओझं कधीपासून झालं? आपल्या बापाने शिकवलेलं सगळंच तू वाऱ्यावर सोडलंस, तुला काय सांगणार. पालथ्या घड्यावर पाणी.

राग झाला. आता धास्ती. प्रार्थना सकाळीच असते. नाश्त्याच्याच वेळेला. पण तू ते का विचारलंस?

तू इंजेक्शनचं विचारलंस त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली होती. हॉस्पिटलात राबणारी माझी बहीण वीस वर्षांत एकदा माझ्या पोराच्या गांधींची चौकशी करते, आणि वर लिहिते 'लगेच कळव'. मी चर्च झाडते, छोटे, डोकं झाडून टाकलेलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणून इतके दिवस मी मनाला तिकडे जाऊच दिलं नाही.

तुला काही माहीत आहे. सांग. नाही सांगितलंस तर सात तारखेला मी उभी राहीन, आणि त्याच्याबरोबर तुझंही नाव घेईन.

ताई


२० ऑक्टोबर

ताई,

बसून वाच.

बाबू माझ्याकडे आहे. जूनपासून. रक्ताचा आजार आहे, हॉस्पिटलातून आता घरी पाठवलंय, पुढच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, नवीन वर्ष दिसणं कठीण. हे मी गोड करून लिहू शकत नाही.

तुला कळवायचं नाही असा त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता. पहिल्याच दिवशी, पिशवी खाली ठेवायच्या आधी. मी भांडले, म्हणाले, ती तुझी आई आहे. तो म्हणाला, "मावशी, आईला कळलं की मंडळीला कळणार. मंडळी पुन्हा गुडघ्यावर बसणार. आणि मी वाचलो तर?" मी म्हणाले, वाचलास तर चांगलंच की. तर माझ्याकडे असा बघत राहिला की मी विषय सोडला. ताई, तो मरणाला भीत नाही. पुन्हा वाचवलं जाण्याला भितो.

त्याला दर काही दिवसांनी रक्त चढवावं लागतं. ते कुणाचं असतं हे सांगत नाहीत. बाटली टांगली की तो तिच्याकडे बघून म्हणतो, हे बरं आहे, कुणाला तोंड दाखवायला नको. इतर वेळी चिडचिडा आहे, पण रक्ताच्या दिवशी त्याची माझ्याशी थट्टामस्करी चालते. माझ्या इस्त्रीला नावं ठेवतो.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते. औषधांनी त्याची चव गेली आहे. साखर आणि खडू एकच लागतं म्हणतो. पाच सप्टेंबरला सकाळी, रविवार म्हणून मी घरी होते, तो खाटेवरून म्हणाला, मावशी, द्राक्षं आणलीस का? मी म्हणाले, कुठली द्राक्षं. तो म्हणाला, तोंडाला चव आली आहे, गोड. मी म्हटलं, चला, चव परत येते आहे. तुझं पत्र आलं ते त्यानंतर. पत्र वाचलं आणि मी त्यावरची तारीख पुन्हा पुन्हा पाहिली. त्याला मी ते दाखवलं नाही. तुमच्या रीतीतले नऊ पेले त्याला ठाऊक आहेत, पण पेला रिकामा झाल्याचं आजही ठाऊक नाही.

म्हणून पुढच्या पहिल्या रविवारी मी सकाळपासून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. तुझ्यासारखीच, डोळे उघडे ठेवून. तो झोपेत होता. तोंडात काही नाही, उशाशी काही नाही. आणि त्याचा गळा हलला. त्याने घोट गिळला, ताई. मी ऐकला. मग झोपेतच ओठ पुसले. तू तिकडे जो आवाज ऐकलास तोच हा, असं मी म्हणत नाही. मी देवाधर्मातली नाही आणि भुताखेतांतलीही नाही. पण तेव्हापासून मी त्या खोलीत दिवा मालवत नाही.

काल त्याला न विचारता मी ठरवलं. शब्द मोडते आहे, त्याचं काय ते माझं मी बघेन. ये. एकटी ये. कुणाला सांगू नकोस, पाळकसाहेबांना नाही, ऑर्गनवालीला नाही. प्रार्थना केल्याशिवाय तुला राहवणार नाही हे मला माहीत आहे, तर ती डोळे उघडे ठेवून कर. त्याला कळणार नाही.

छोटी


२४ ऑक्टोबर

छोटे,

उद्या सकाळच्या गाडीने निघते. हे पत्र आधी पोचतं की मी, कोण जाणे. पण हातात काही काम नसलं की मला धाय मोकलून रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

पाळकसाहेबांकडे रजा मागितली. म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, काही नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना 'काही नाही' असं कधी म्हटलेलं नाही; पोट बिघडलं तरी त्यांच्या प्रार्थनेत घालून घेते. त्यांनी रजेची तारीख वहीत लिहिली. मग म्हणाले, उपकारस्तुतीच्या रविवारी तू नसशील? मी म्हणाले, नसेन. किल्ल्या ऑर्गनवालीला दिल्या. तिने खोदून खोदून विचारलं, मी तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. गल्लीतून येताना सगळे तेच ते विचारत होते आणि मला एकेकाचा हात धरून ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे, माझं पोर मरतंय, बसा गुडघ्यावर. एकदा ती माणसं बसली होती तर तो उठला होता, छोटे. हे मला ठाऊक असताना मी तोंड शिवून गाडीत बसायचं. तू मागितलंस ते फार मोठं मागितलंस.

ताई


८ डिसेंबर

प्रिय छोटे,

तुझे आभार मानायला हे पत्र लिहायला बसले आहे. पण ते शेवटी. आधी इथलं सांगते.

परतल्यावर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. ऑर्गनवाली मात्र भडकली. म्हणाली, आम्हाला परकं केलंस, एक शब्द कळवला असतास तर आम्ही देवाला सोडलं नसतं. मी म्हणाले, म्हणूनच नाही कळवलं. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली, पाव आणला होता, माझ्यासमोर बसून तिनेच तो खाल्ला आणि रडली. म्हणाली, मी त्याला फार बोलले का ग? मी म्हणाले, हो. मग आम्ही दोघी रडलो.

मी नव्हते त्या रविवारी नऊ पेले तिने मांडले होते. कुठला रिकामा झाला का विचारलं तर म्हणाली, कुणी बघितलंय. परवाच्या रविवारी मी मांडले. प्रार्थनेत पुन्हा डोळे उघडे ठेवले, पाप लागायचं ते लागो. मी कान लावून बसले होते, पण काही ऐकू आलं नाही. शेवटी तबक उचललं तर नऊच्या नऊ काठोकाठ. आधी रिकाम्या पेल्याची भीती वाटली होती, आता भरलेल्याची जास्त वाटते. झाडाशी ओतताना माझा हात पुढे होईना. संध्याकाळी चर्च बंद करायच्या आधी मी बाबूला हाक मारते. उत्तर येत नाही, तरी दाराची फट जरा ठेवते.

त्याच रविवारी, उपकारस्तुतीच्या दिवशी मी नव्हते म्हणून, पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. तू मला ओळखतेस, या जागी उभी राहून मी एकदाही गप्प बसलेली नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा काहीतरी शोधून काढलं होतं मानायला. परवा सापडलं नाही. सगळे वाट बघत होते. मी त्याचं नाव घेतलं, नुसतं नाव, आणि बसले. पाळकसाहेब म्हणाले, आमेन. 

आता तुला माहीत नसलेलं. मी आले त्या दिवशी तो तुझ्यावर चिडला, माझ्याशी बोलला नाही, ते तू पाहिलंस. तू कामावर गेलीस की मीही काही बोलत नव्हते. खोटं कशाला, पहिले काही दिवस मी वाट बघत होते. वाटायचं, आता उपकाराचे दोन शब्द म्हणेल. देवाला नाही तर मला तरी म्हणेल. तू सांगितल्याप्रमाणे डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत होते, तीही तेवढ्यासाठीच होती.

एका दुपारी त्याने आपणहून विचारलं. "आई, मी लहानपणी आजारी होतो तेव्हा तू देवाला नेमकं काय म्हणाली होतीस?" मी सांगितलं, हा मला राहू दे, मग हा तुझाच. तो म्हणाला, "मला विचारलं नाहीस." मी म्हणाले, अरे, तू शुद्धीवर कुठे होतास. तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली, मग मलाही हसू आलं. तू घरी आलीस तेव्हा आमचे डोळे का सुजलेले होते असं विचारत होतीस, ते यामुळे.

त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्याने पाणी मागितलं. मी मानेखाली हात घालून चमच्याने पाजलं. एक गोष्ट तुला माहीत नसेल. आजारातून उठल्यापासून हे पोर मला प्रत्येक गोष्टीला 'आभारी आहे, आई' म्हणायचं. जेवायला वाढलं तरी. बटण लावून दिलं तरी. पांघरूण घातलं तर अर्ध्या झोपेतून म्हणायचं. मीच शिकवलं होतं आणि लोकांना कौतुकाने सांगायचे. त्या दिवशी पाणी पाजून झालं आणि मी चमचा हातात धरून थांबले, सवयीने. त्याने माझ्या बाहीला तोंड पुसलं, कुशीवर वळला आणि डोळे मिटले. काही म्हणाला नाही.

मी तशीच बसून राहिले. आणि छोटे, मला इतकं बरं वाटलं की मी कुणाला सांगू शकत नाही. परक्याच्या घरी पाणी प्यालं की माणूस आभार मानतो. माझं पोर माझ्या हातचं पाणी पिऊन नुसतं झोपलं. पुन्हा त्याने काही मागितलं नाही.

त्याला तू पाच महिने सांभाळलंस. आता शेवट आला आणि ज्यासाठी लिहायला बसले होते ते लिहायचं म्हणते, तर होत नाही. मी तुझे आभार मानत नाही.

तुझी,
ताई